जिभेला लगाम घालायचा म्हणजे हिशोबही विचारायचा नाही, असे आहे का?

प्रश्न : जालना जिल्ह्यातील एक सभासद

सर्व बंधुभगिनींना प्रभूच्या नावात सलाम.

आमची ख्रिस्ती मंडळी, म्हणजे स्थानिक चर्च, जालना जिल्ह्यातील एका लहान गावात आहे. दरवर्षी सुगीच्या सणाला लोक ज्वारीची कणसे, तुरीच्या शेंगा, भोपळे, कोंबड्या आणि घरचे तूप वेदीपुढे आणून ठेवतात आणि उपासना संपल्यावर मंदिराच्या आवारात त्या सगळ्याचा लिलाव होतो. एखाद्या गावरान अंड्याची बोली शंभराच्या पुढे जाते, घेणारा ते पुन्हा अर्पण करतो, दुसरा त्यावर आणखी चढी बोली लावतो आणि जिने ते अंडे आणले ती म्हातारी तोंडाला पदर लावून हसत असते. गेल्या सणाचा हिशोब मात्र अजून मंडळीपुढे वाचला गेलेला नाही. वार्षिक सभेत एका भावाने आवाज न चढवता तो विचारला, तेव्हा विषय पुढे ढकलण्यात आला. आणि त्यानंतरच्या रविवारी बायबलमधील याकोबाच्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायावर उपदेश झाला. जीभ लहानसा अवयव असूनही केवढे मोठे रान पेटवते, घोड्याला जसा लगाम तसाच माणसाच्या तोंडाला लगाम हवा, असे आम्हाला सांगण्यात आले. नाव कोणाचेच घेतले नाही, परंतु रोख कोणाकडे आहे हे संडे स्कूलच्या मुलांनाही कळले.

याच मंडळीत दर गुरुवारी घरोघर प्रार्थना सभा होते. तेथे प्रार्थनेचे विषय विचारले जातात. मागे एकदा कोणीतरी म्हणाले की, अमक्यांच्या मुलीसाठी प्रार्थना करू या, ती सासरहून परत आली आहे. एवढे बोलून थांबले असते तर गोष्ट वेगळी. पण ती का आली, नवऱ्याने काय म्हटले, तिच्या फोनमध्ये काय सापडले, हे सगळे चहाच्या दोन फेऱ्या होईपर्यंत चालले आणि शेवटी प्रार्थना दोन-चार वाक्यांत आटोपली. त्या बोलण्याला कोणी आग म्हटले नाही.

म्हणून मला असे विचारायचे आहे की, शास्त्राला अपेक्षित असलेला वाणीचा संयम नेमका कोणता? गप्प बसणे हाच जर संयम असेल, तर जो गैरप्रकार झाकतो तो सर्वांत संयमी ठरेल. आणि तसे नसेल, तर मंडळीत प्रश्न विचारणाऱ्याने कोणती मर्यादा पाळावी?

उत्तर : निवृत्त पाळक, छत्रपती संभाजीनगर

प्रिय भाऊ, सलाम.

ज्या अध्यायावर उपदेश झाला तो पहिल्या वचनापासून वाचला असता, तर बाकावर बसलेल्यांच्या आधी उभे राहून बोलणाऱ्याला घाम फुटला असता. याकोबाच्या तिसऱ्या अध्यायाची सुरुवात शिक्षकांपासून होते. तुमच्यापैकी पुष्कळांनी शिक्षक होऊ नये, कारण आपणा शिक्षकांचा न्याय अधिक कडक होईल, असे तो म्हणतो, आणि मग लगाम, सुकाणू व ठिणगी यांच्याकडे वळतो. म्हणजे तो लगाम सर्वांत आधी उपदेशपीठावर चढणाऱ्याच्या तोंडात घातलेला आहे. मी आयुष्यभर उपदेश केला आहे, म्हणून स्पष्टच लिहितो : ज्याला उठून उत्तर देता येत नाही अशा माणसाला उपदेशातून आडून टोमणा मारणे, यासारखा जिभेचा गैरवापर मंडळीत दुसरा क्वचितच असेल.

याकोब स्वतः तरी गप्प बसला का? त्याच पत्राच्या पाचव्या अध्यायात तो धनवानांना ठणकावून सांगतो की, तुमच्या शेतांची कापणी ज्यांनी केली त्यांची तुम्ही अडकवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे आणि ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी गेली आहे. मराठवाड्यातील शेतमजुराला या वचनाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. जो माणूस जिभेला अग्नी म्हणतो तोच हे लिहितो, यावरून त्याला कोणती जीभ आवरायची आहे आणि कोणती मोकळी ठेवायची आहे, ते दिसते. तो उदाहरण देतो तेही पाहा : एकाच तोंडाने आपण देवपित्याची स्तुती करतो आणि त्याच्याच प्रतिरूपात निर्माण झालेल्या माणसांना शाप देतो. समोरचा माणूस देवाची प्रतिमा आहे याचा विसर पडणे, हे त्याच्या दृष्टीने जिभेच्या पापाचे मूळ आहे. जमाखर्चाचा आकडा विचारण्यात तो विसर कोठे आला?

पैशाविषयी तक्रार ही पहिल्या मंडळीलाही नवी नव्हती. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांनी कुरकुर केली की, रोजच्या वाटपात आमच्या विधवांची उपेक्षा होते. प्रेषितांनी त्यावर जिभेच्या पापाविषयी उपदेश केला नाही. त्यांनी मंडळी जमवली आणि हे काम पाहण्यासाठी सात माणसे निवडायला लावली. त्या सातांची नावे सर्व ग्रीक आहेत, म्हणजे बहुधा ज्यांनी तक्रार केली त्यांच्यापैकीच माणसे निवडली गेली, असे अनेक अभ्यासक मानतात. पौलाने यरुशलेमेतील गरिबांसाठी वर्गणी जमवली तेव्हाही तो एकटा पैसे घेऊन निघाला नाही. या देणगीविषयी कोणी आम्हाला दोष लावू नये म्हणून आम्ही जपतो, आणि केवळ प्रभूपुढे नव्हे तर माणसांपुढेही जे चांगले त्याची काळजी घेतो, असे त्याने करिंथकरांना दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात लिहिले आहे.

आपल्या भागाशी संबंध असलेली एक गोष्ट येथे सांगतो. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्यात काम उभे केले आणि जवळच बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले, ते ज्या स्कॉटिश मिशनचे होते त्या परंपरेत वेस्टमिन्स्टरची मोठी प्रश्नोत्तरावली, म्हणजे प्रश्नोत्तरांतून धर्मशिकवण देणारे पुस्तक, प्रमाण मानली जात असे. स्कॉटलंडच्या चर्चने ती १६४८ मध्ये स्वीकारली. खोटी साक्ष देऊ नको या आज्ञेचा भंग कशाकशाने होतो, याची तिच्यात भली मोठी यादी आहे. त्या यादीत चहाडी, कुजबुज, थट्टा आणि उतावळेपणाने दोष लावणे हे तर आहेच. शिवाय सत्य अवेळी किंवा दुष्ट हेतूने बोलणे हेही आहे. आणि त्याच यादीत न्याय्य प्रसंगी गैरवाजवी मौन धरणे हेसुद्धा पाप म्हणून नोंदलेले आहे. मौनाला पापांच्या यादीत जागा देणारे ते लोक काही बोलघेवडे नव्हते.

राहिला प्रश्न सहनशीलतेचा, कारण तुम्हाला कोणीतरी ते सुनावेलच. पैठणच्या नाथांच्या अंगावर एक माणूस पुनःपुन्हा थुंकत राहिला आणि ते प्रत्येक वेळी शांतपणे गोदावरीत स्नान करून आले, ही कथा आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते, आणि ख्रिस्ती घरांतही ती आदराने सांगितली जाते. आपल्या प्रभूविषयीही पेत्र लिहितो की, त्याची निंदा होत असता त्याने उलट निंदा केली नाही. पण दोन्हीकडे अपमान स्वतःचा होता, हे ध्यानात घ्या. स्वतःचा अपमान गिळण्याचा अधिकार माणसाला आहे. मंडळीच्या पैशाचा प्रश्न गिळण्याचा नाही. शिवाय येशूही प्रत्येक ठिकाणी मौन राहिला नाही. हेरोदाच्या प्रश्नांना त्याने एका शब्दानेही उत्तर दिले नाही. परंतु प्रमुख याजकापुढे शिपायाने चपराक मारली तेव्हा त्याने विचारले, मी वाईट बोललो असलो तर ते सिद्ध कर, योग्य बोललो असलो तर मला का मारतोस? त्या विचारण्यात शिवी नाही, शाप नाही; आणि माघारही नाही.

उत्तर : एका मंडळीचा खजिनदार, परभणी

पाळकसाहेबांचे सर्व म्हणणे मान्य करूनही दुसरी बाजू मांडणे मला भाग आहे, कारण ती बाजू सहसा कोणी मांडत नाही.

खजिनदाराला पगार नसतो. दिवसभर नोकरी किंवा शेती करून तो रात्री पावत्या जुळवतो. सुगीच्या लिलावाचा हिशोब लांबतो त्याचे एक कारण प्रत्येक खजिनदाराला ठाऊक असते : उत्साहात लोक बोली लावतात आणि पैसे नंतर देतो म्हणतात. कोंबडी घरी जाते, शिजते, तिची हाडेही उरत नाहीत, आणि रक्कम वहीत येणे म्हणून तशीच पडून राहते. आता हा हिशोब सभेत जसाच्या तसा वाचायचा, तर बाकीदारांची नावे वाचावी लागतात. त्यात कोणी ज्याचे सोयाबीन पावसाने गेले असा शेतकरी असतो, कोणी विधवा असते, आणि एखादे पंचही, म्हणजे मंडळीच्या कारभारी समितीचे सदस्य, असतात. म्हणून खजिनदार तोंड मिटून बसतो, आणि लोक समजतात की याने पैसे खाल्ले.

दुसरे असे की, मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने क्रम घालून दिला आहे : आधी एकट्याने जाऊन भावाला सांगावे, मग एकदोघांना बरोबर न्यावे, आणि त्यानंतर मंडळीला कळवावे. त्या भावाने सभेत उभे राहण्यापूर्वी खजिनदाराच्या घरी एक फेरी मारली होती का? नसेल, तर सुरुवातच मंडळीपासून झाली असे म्हणावे लागेल.

उत्तर : शिक्षिका, लातूर

मी कॅथलिक आहे, त्यामुळे माझी मांडणी थोडी वेगळी असेल. परंतु खजिनदारभाऊंनी नावांचा जो मुद्दा काढला आहे तो मला या चर्चेतील सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

आपण साधारणपणे असे समजतो की खोटे बोलणे पाप आणि खरे बोलणे पुण्य. कॅथलिक चर्चची १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेली धर्मशिक्षा, म्हणजे चर्चच्या शिकवणीचे अधिकृत पुस्तक, येथे तीन गोष्टी वेगळ्या करते. पुरेसा आधार नसताना शेजाऱ्याचा दोष मनातल्या मनात का होईना, खरा धरणे, ही पहिली. एखाद्याचा खरा दोष, सबळ कारण नसताना, तो ठाऊक नसलेल्या लोकांना सांगणे, ही दुसरी. आणि खोटे बोलून त्याचे नाव बिघडवणे, ही तिसरी. दुसऱ्या प्रकाराकडे लक्ष द्या : तेथे सांगितलेली गोष्ट पूर्ण खरी आहे, तरीही ते पाप आहे. "आम्ही काय खोटं बोललो का?" हा आपल्याकडचा हुकमी बचाव तेथे लंगडा पडतो. प्रार्थना सभेत त्या मुलीविषयी जे बोलले गेले ते सगळे खरे असेलही. पण तेथे बसलेल्यांना ते कळण्याचे कारण काय होते? कोणी तिला वकील गाठून देणार होते, की तिच्या आईबरोबर पोलीस ठाण्यात जाणार होते?

हीच कसोटी हिशोबाला लावली की वाट मोकळी होते. लिलावात एकूण किती जमले, किती येणे आहे आणि खर्च किती झाला, हे कळण्याचा मंडळीला पूर्ण अधिकार आहे, कारण पैसा तिचा आहे. येणे असलेल्यांची नावे कळण्याची मात्र मंडळीला गरज नाही. ती खजिनदार, पाळक आणि पंच यांच्यापुरती राहावीत. आकडा वाचणे आणि नाव झाकणे ही दोन्ही कामे एकाच कागदावर होऊ शकतात. बाकीदारांमध्ये पंच असतील, तर त्यांनी सभेपूर्वी रक्कम भरावी, म्हणजे खजिनदाराचाही जीव मोकळा होईल.

संत ऑगस्टीन उत्तर आफ्रिकेतील हिप्पो येथे बिशप होते आणि इ. स. ४३० मध्ये वारले. त्यांच्या सहवासात अनेक वर्षे राहिलेल्या पोसिदियसने लिहून ठेवले आहे की, त्यांच्या जेवणाच्या मेजावर एक पद्य लिहिलेले असे. त्याचा आशय असा की, गैरहजर माणसाची निंदा करायला ज्याला आवडते त्याने हे मेज आपल्यासाठी नाही असे समजावे. एकदा त्यांचे जवळचे काही बिशपच जेवताना तसे बोलू लागले. तेव्हा ऑगस्टीन त्यांच्यावर रागावले आणि म्हणाले की, एकतर मेजावरचे हे पद्य पुसा, नाहीतर मी ताटावरून उठून खोलीत जातो. मला या प्रसंगात आवडते ते हे की, त्यांनी जिभेवर व्याख्यान दिले नाही. त्यांनी एक जागा ठरवली आणि त्या जागेचा नियम स्वतःच्या पाहुण्यांनाही लावला. गुरुवारच्या सभेला एवढा एक नियम लावता आला तरी पुष्कळ होईल : ज्याच्यासाठी प्रार्थना करायची त्याला आधी विचारावे आणि त्याने जेवढे सांगायला परवानगी दिली तेवढेच सांगावे. त्याने काहीच सांगू नका म्हटले, तर नुसते नाव घेऊन प्रार्थना करावी. देवाला तपशील ठाऊक असतो.

उत्तर : महिला मंडळाची एक सभासद, अंबाजोगाई

लातूरच्या ताईंनी जो नियम सांगितला तो मला पटतो, पण त्यातून उलटा अर्थ काढला जाण्याची भीती वाटते, म्हणून लिहिते.

सासरहून परत आलेल्या मुलीला आपल्याकडे सर्वांत आधी काय सांगितले जाते? "बाई, जिभेला आवर घाल, उलट बोलली असशील." तिचा हात सुजलेला असतो आणि तरी उपदेश तिच्या जिभेविषयी होतो. नीतिसूत्रांतली भांडखोर बायकोविषयीची वचने पुरुषांना तोंडपाठ असतात. त्याच पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात, गुणवान स्त्रीच्या वर्णनाच्या थोडे आधी, राजाची आई आपल्या मुलाला सांगते की, ज्याला वाचा नाही त्याच्यासाठी आपले तोंड उघड आणि दीनदुबळ्यांचा न्याय कर, ते मात्र सहसा कोणी वाचत नाही. राजाला ही शिकवण एका बाईने दिली आहे.

म्हणून माझे म्हणणे असे की, अशा मुलीविषयी बोलू नये असे नाही. तिच्या पाठीमागे तीस जणांपुढे बोलू नये, आणि जो काही करू शकेल अशा एकाजवळ, तिला सांगून, जरूर बोलावे. मारहाण होत असेल तर ती झाकणे हा संयम नव्हे. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर एक शब्दही न बोलता बसले, तोवर ते खरे मित्र होते. तोंड उघडल्यावर त्यांनी त्याचेच पाप शोधायला सुरुवात केली. आमच्या मंडळातल्या जाणत्या बायका दुःखाच्या घरी जाताना भाकरी-पिठले घेऊन जातात आणि भांडी घासून परत येतात. विचारपूस नंतर होते, तीही त्या घरच्या बाईने विषय काढला तर.

पुन्हा : निवृत्त पाळक, छत्रपती संभाजीनगर

खजिनदारभाऊंच्या दुसऱ्या मुद्द्याविषयी थोडे लिहितो. मत्तयाचा अठरावा अध्याय तुझ्या भावाने तुझा अपराध केला तर, अशा प्रसंगासाठी आहे. मंडळीचा हिशोब हा कोणा एकाचा खाजगी अपराध नाही, आणि हिशोब मागणे म्हणजे आरोप करणेही नाही. येथेच आपली मोठी गल्लत होते : विचारणाऱ्याला वाटते की मी आरोप करतो आहे, म्हणून त्याचा आवाज कापतो, आणि ज्याला विचारले त्याला वाटते की माझ्यावर आरोप झाला, म्हणून तो चिडतो. खरोखर आरोप करायचा असेल, तर पौलाने तीमथ्याला घालून दिलेला नियम आहे की, वडिलावरील, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यावरील, आरोप दोन-तीन साक्षीदारांवाचून दाखल करून घेऊ नये. म्हणजे प्रश्न उघडपणे विचारता येतो, आरोपाला मात्र पुरावा लागतो. तरीही सभेपूर्वी खजिनदाराच्या घरी जाऊन यावे ही सूचना चांगली आहे, आणि ती शास्त्राच्या आज्ञेपेक्षा माणुसकीची आहे म्हणून मला अधिक आवडली.

पुन्हा : जालना जिल्ह्यातील सभासद

सर्वांचे आभार. काल त्या भावाबरोबर मी आमच्या खजिनदारांच्या घरी जाऊन आलो. परभणीच्या भाऊंनी लिहिल्याप्रमाणेच निघाले : बऱ्याच बोल्या येणे आहेत, आणि त्यांतील काही मोठ्या माणसांच्या आहेत. त्यांनी वही दाखवली, नावांवर हात ठेवून. पंच मंडळाला लेखी विनंती करावी असे त्यांनीच सुचवले, म्हणून मी पुढील मसुदा केला आहे. काही चुकत असेल तर सांगावे.

"माननीय पाळकसाहेब व पंच मंडळ यांस सप्रेम सलाम. गेल्या सुगीच्या सणातील लिलावाची एकूण जमा रक्कम, येणे बाकी आणि झालेला खर्च असे तीन आकडे पुढील सभेत मंडळीस कळवावेत, ही नम्र विनंती. बाकीदारांची नावे वाचू नयेत, असे आम्हालाही वाटते. तसेच उपदेशाद्वारे एका सभासदाविषयी जे सुचवले गेले, त्याचाही खुलासा व्हावा."

पुन्हा : निवृत्त पाळक, छत्रपती संभाजीनगर

शेवटचे वाक्य काढा. ते खोटे आहे म्हणून नव्हे. त्याची जागा या पत्रात नाही. ते वाक्य राहिले, तर सभेत तिन्ही आकडे बाजूला पडतील आणि पाळक विरुद्ध सभासद असा वाद उभा राहील. उपदेशाने ज्याचे मन दुखावले त्या भावाने स्वतः, एकट्याने, पाळकांच्या घरी जाऊन ते सांगावे. मत्तयाचा अठरावा अध्याय तेथे अगदी तंतोतंत लागू पडतो. हवे तर तुम्ही त्याला दारापर्यंत सोडायला जा, आत जाऊ नका.

पुन्हा : एका मंडळीचा खजिनदार, परभणी

पत्रावर चार-पाच कुटुंबांच्या सह्या घ्या, एकट्याची नको. मूळ प्रत सेक्रेटरींच्या हाती देऊन दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. आणि उत्तर येईपर्यंत त्या पत्राचा फोटो मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणी टाकणार नाही, असे सह्या करणाऱ्यांकडून आधीच कबूल करून घ्या.